‘बाबांना सगळं माहीत आहे, तरी शुगर उतरत नाही’: मधुमेह शिक्षणाचा खरंच उपयोग होतो का?

प्रश्न: माझे बाबा ६६ वर्षांचे, निवृत्त मुख्याध्यापक. अकरा वर्षांपासून शुगर आहे. गोळ्या चालू आहेत, पण तीन महिन्यांची शुगर (एचबीएवनसी) या वेळी ९.४ आली. मधुमेहावर त्यांनी इतकं वाचलंय की व्हॉट्सअॅपवर तेच सगळ्यांना माहिती पाठवत असतात. पण रात्रीचा भात सोडत नाहीत, घरी शुगर मोजत नाहीत. मी आणि आई सांगून थकलो, ते ऐकतच नाहीत. आता डॉक्टरांनी डायबेटिस एज्युकेटरची सहा सेशन सुचवली आहेत. याला संशोधनाचा काही आधार आहे, की नुसता खर्च? ज्याला सगळं माहीत आहे त्याला आणखी काय शिकवणार?

उत्तर:

आधी थोडक्यात सांगते. सल्ला बरोबर आहे. त्यामागे निदान चाळीस वर्षांचं संशोधन आहे, तो नुसता खर्च नाही. पण सहा सेशन झाली की सुटलो, असं धरून चालणार असाल तर फायदा तात्पुरता राहील. हेही त्याच संशोधनात निघालंय. आणि ‘यांना जरा समजावून सांगा’ म्हणून बाबांना तिकडे पाठवणार असाल, तर बहुधा ते दुसऱ्या सेशनला जाणारच नाहीत.

मी साताऱ्यात बावीस वर्षं या कामात आहे. सुरुवातीला वॉर्डात नर्स होते, नंतर ओपीडीत डायबेटिस एज्युकेटर झाले. ‘ते ऐकतच नाहीत’ हे वाक्य मी रोज ऐकते. पूर्वी मीही तेच म्हणायचे. ते म्हणणं कसं सुटलं ते सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

साधारण पंधरा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक टेम्पोवाले काका यायचे. पहाटे भाजी भरून पुण्याच्या मार्केट यार्डात जायचं, दुपारी रिकामी गाडी घेऊन परत, हा त्यांचा रोजचा फेरा. एचबीएवनसी दहाच्या पुढे. मी त्यांना शुगर लिहायला एक वही दिली होती. पुढच्या खेपेला ती भरून आणली. ११२, ११८, १०९, ११५. सगळे आकडे एकाच निळ्या पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेले. खाडाखोड नाही, रिकामा रकाना नाही. खरी वही अशी नसते. तिच्या पानांना तेलाचे हात लागलेले असतात, एखाद्या कोपऱ्यात रक्ताचा ठिपका वाळलेला असतो, मध्ये लग्नसराई आली की आठ-आठ दिवस कोरे असतात. मी त्यांचा ग्लुकोमीटर मागून घेतला आणि मेमरीचं बटण दाबलं. २४६, २७१, २३८. त्याच्या मागे बारा दिवस काहीच नाही.

मी त्यांना भर ओपीडीत सुनावलं. “काका, मला फसवून तुमचं काय भलं होणार आहे?” ते काही बोलले नाहीत. वही दुमडून सदऱ्याच्या खिशात घातली, “येतो ताई” म्हणाले आणि दीड वर्ष फिरकले नाहीत. आले ते पायाला जखम घेऊनच.

ड्रेसिंगला दिवसाआड यायचे, तेव्हा हळूहळू बोलायला लागले. काही वर्षांपूर्वी पुण्याहून परत येताना जेवण राहिलं होतं. खंबाटकी चढताना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, समोरचा रस्ता धूसर झाला. कशीबशी गाडी कडेला घेतली. बरोबरच्या पोराने डब्यातला गूळ तोंडात कोंबला म्हणून निभावलं. सकाळी घेतलेली ग्लिमेपिराइडची गोळी आणि त्यावर रिकामं पोट, त्यामुळे शुगर लो झाली होती. त्या दिवसापासून गाडी काढायची असेल त्या दिवशी काका गोळी घेतच नव्हते. डॉक्टरांना सांगितलं तर गाडी बंद करायला लावतील, ही धास्ती. म्हणून वहीत ११२.

ज्याला मी बेफिकीर समजत होते तो माणूस स्वतःचा जीव आणि घरची चूल दोन्ही सांभाळत होता. त्याच्या अनुभवात २५० ची शुगर सुरक्षित होती आणि १०० ची जीवघेणी. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, शुगर एकाएकी खाली न नेणारी. मी गाडीत साखरेची पुडी आणि चपाती-भाजीचा डबा ठेवायचं ठरवून घेतलं. बस, इतकंच. हे दीड वर्ष आधी होऊ शकलं असतं. पायाचं बोट वाचलं असतं. मी विचारलं नव्हतं.

त्याच सुमारास एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला एक जुना लेख वाचायला दिला, १९८५ सालचा. लेखक रॉबर्ट अँडरसन, अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे. हे डॉक्टर नव्हेत, शिक्षणशास्त्राचे माणूस. लेखाचं नावच प्रश्नार्थक होतं: रुग्ण पथ्य पाळत नाहीत हा प्रश्न आपल्याच डोक्यात तर नाही ना? मला तो अंगावर आला, कारण काकांची वही डोळ्यांसमोर होती.

अँडरसन आणि त्यांच्या सहकारी मार्था फनेल (या मूळच्या नर्स) यांनी पुढची पंचवीस-तीस वर्षं याच धाग्यावर काम केलं. १९९१ मध्ये फनेल, अँडरसन आणि त्यांच्या गटाने मधुमेह शिक्षणात रुग्णाच्या ‘सक्षमीकरणा’ची कल्पना मांडली. हा शब्द आता योजनांच्या फलकांवर वाचून गुळगुळीत झालाय, पण त्यांचं म्हणणं अगदी रोखठोक आहे. अपेंडिक्स फुटलं, न्यूमोनिया झाला, तर चार दिवस डॉक्टर सांगतील तसं वागायचं, बरं व्हायचं, घरी जायचं. दवाखान्याची सगळी रीत अशा आजारांसाठी बनली. मधुमेहात तसं नसतं. डॉक्टर वर्षातून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटं भेटतात. बाकी वर्षभर काय खायचं, गोळी कधी घ्यायची, पाय दुखत असताना चालायचं की नाही, हे सगळं रुग्णच ठरवतो. त्यांनी तीन गोष्टी दाखवून दिल्या. निवड रुग्णाची असते. रुग्ण दवाखान्याच्या दारातून बाहेर पडला की ताबाही त्याचाच. आणि परिणाम भोगतो तोही तोच. म्हणून आजाराची जबाबदारी त्याच्याकडे आधीपासूनच आहे. ती ‘द्यायची की नाही’ असा पर्याय डॉक्टरांकडे, एज्युकेटरकडे किंवा मुलीकडे नसतोच.

मग एज्युकेटरचं काम काय? ठरवणाऱ्याला नीट ठरवता यावं म्हणून मदत करणं. त्यांनी संवादाचे पाच टप्पे सांगितले आणि मी आजही त्याच क्रमाने बोलते. त्रास नक्की कशाचा आहे. त्याबद्दल मनात काय आहे. तुम्हाला काय व्हायला हवंय. त्यासाठी या आठवड्यात काय करून बघाल. आणि पुढच्या भेटीत, करून बघितल्यावर काय कळलं. शेवटच्या टप्प्याचे शब्द बघा: ‘जमलं का’ असं नाही विचारायचं, ‘काय कळलं’ असं विचारायचं. जमलं नाही तरी सांगायला काहीतरी असतं, आणि माणूस परत येतो.

२०१० मध्ये या दोघांनी गैरसमजांवर एक लेख लिहिला, त्यातला एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. लोक सक्षमीकरणाला युक्ती समजायला लागले होते: गोड बोलायचं, प्रश्न विचारायचे आणि शेवटी आपल्याला हवं तेच रुग्णाकडून करून घ्यायचं. त्यांनी स्पष्ट लिहिलं की ही कोणाला वळवायची युक्ती नाही. बाबांना हे लगेच ओळखू येईल. पस्तीस वर्षं वर्गापुढे उभा राहिलेला माणूस आहे, प्रश्नामागचं अपेक्षित उत्तर त्यांना आधी दिसतं.

आता तुम्ही विचारलेला आधार. अँडरसन-फनेल यांनी १९९५ मध्ये स्वतःच्या पद्धतीची रीतसर चाचणी प्रसिद्ध केली. आठवड्याला एक अशी सहाच सत्रं होती, एका गटाला आधी आणि दुसऱ्याला नंतर. ‘हे मला जमू शकतं’ हा विश्वास वाढला, शुगरची सरासरीही थोडी उतरली. थोडीच. तो अभ्यास छोटा होता आणि त्याच्या जोरावर मोठे दावे करू नयेत.

मोठं चित्र हवं असेल तर सुझन नॉरिस, मायकेल एंगेलगाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २००२ चं विश्लेषण बघावं. त्यांनी ३१ अभ्यास एकत्र मांडले. शिक्षण संपता संपता एचबीएवनसी इतरांपेक्षा ०.७६ ने जास्त उतरलेली दिसली. पण एक ते तीन महिन्यांनी मोजलं तर फरक ०.२६ वर आलेला. म्हणजे दोन तृतीयांश फायदा ओसरला. त्यांना आणखी एक गोष्ट आढळली: एचबीएवनसी एका टक्क्याने उतरण्यामागे एज्युकेटर आणि रुग्ण यांचा सरासरी २३.६ तासांचा प्रत्यक्ष संपर्क होता. २०१६ मध्ये ११८ कार्यक्रमांचा असाच आढावा निघाला, त्यात शिकलेल्या गटात सरासरी ०.७४ आणि नेहमीच्या उपचारांत ०.१७ इतकी घट होती. दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ दिलेल्या कार्यक्रमांचे निकाल चांगले होते. २०१७ च्या एका विश्लेषणात, ४२ चाचण्या आणि १३ हजारांवर लोक मिळून, शिक्षण घेतलेल्यांत मृत्यूचा धोका २६ टक्क्यांनी कमी दिसला. अर्धा-पाऊण टक्का किरकोळ वाटत असेल तर ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासाची आठवण ठेवा: एचबीएवनसी जिथे एक टक्का कमी, तिथे डोळे-किडनीसारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या तक्रारी ३७ टक्क्यांनी कमी.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ब्रिटनमध्येच ‘डेसमंड’ नावाचा कार्यक्रम ८२४ नव्या रुग्णांवर तपासला गेला, २००८ मध्ये निकाल आले. एकूण सहा तासांचं शिक्षण. वर्षभराने वजन जास्त उतरलं, सिगारेट सोडणारे जास्त निघाले, मन खचण्याचं प्रमाण कमी झालं. पण एचबीएवनसीत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. तीन वर्षांनी शरीराच्या मोजमापांतले बाकीचे फरकही पुसले गेले. आजाराबद्दलची समज मात्र टिकून राहिली. शिक्षण निरुपयोगी आहे असा याचा अर्थ मी लावत नाही. सहा तासांचं शिकलेलं तीन वर्षं पुरावं ही अपेक्षाच चुकीची होती. व्यायामाचा क्लास सहा दिवस लावून तीन वर्षं अंग कसं राहील?

म्हणूनच मिशिगनच्या गटाने पुढे डेट्रॉइटमध्ये वेगळी वाट धरली. दर आठवड्याला बैठक, हवं तेव्हा या, ठरलेला अभ्यासक्रम नाही. आलेल्या लोकांना त्या आठवड्यात जे नडलं असेल तोच त्या दिवसाचा विषय. मी आमच्याकडे महिन्यातून एक शनिवार असाच बसवते. कधी चतुर्थीच्या उपवासाची खिचडी हा विषय असतो, कधी सुनेने लपवून ठेवलेला गुळाचा डबा. एका आजींनी विचारलं होतं, “पोरीच्या लग्नात पंगतीला बसू की बाहेर बसू?” दोन तास त्यावरच गेले आणि मला त्यात एक मिनिटही वाया गेलेलं वाटलं नाही.

हे सगळं परदेशातलं, आपल्याकडे चालेल का, असंही मनात येईल. तर भारत आणि पाकिस्तानातल्या दहा दवाखान्यांत ‘कार्स’ नावाची चाचणी झाली. ११४६ रुग्ण, निकाल २०१६ चे. एका गटाला डॉक्टर नसलेला एक काळजी-समन्वयक दिला, जो फोन करायचा, पाठपुरावा ठेवायचा. शिवाय डॉक्टरांच्या मदतीला संगणकावर सूचना. एचबीएवनसीबरोबर रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल अशी जोडीची उद्दिष्टं गाठणारे या गटात १८.२ टक्के होते, नेहमीच्या उपचारांत ८.१. दुपटीहून जास्त. तरी शंभरात अठराच, हेही डोळ्यांआड करू नका. हे काम सोपं नाही. बाबा एकटेच मागे पडलेत असं अजिबात नाही.

आता बाबांकडे वळते. मी त्यांना भेटलेले नाही, त्यामुळे त्यांच्या मनात काय आहे हे मी सांगू शकत नाही. पण एक गोष्ट विचारात घ्या. आयुष्यभर दुसऱ्यांचे पेपर तपासलेल्या माणसाचा आता दर तीन महिन्यांनी निकाल लागतो, आणि तो घरातल्या सगळ्यांसमोर वाचला जातो. ९.४ म्हणजे नापास. घरी शुगर मोजणं म्हणजे रोज नापास व्हायची तयारी. अशा वेळी माणूस मोजायचं सोडतो, कारण न मोजलेला आकडा निदान टोचत नाही. विल्यम पोलोन्स्की या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये वीस प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली, ती हाच ताण मोजते: अपराधी वाटणं, घरच्यांची सतत नजर, ‘कितीही करा, हे संपतच नाही’ ही थकावट. नैराश्यापेक्षा हे वेगळं असतं, आणि अकरा वर्षांनंतर ते असण्यात नवल नाही. चांगला एज्युकेटर पहिल्याच भेटीत याची चौकशी करतो.

मग तुम्ही काय करायचं? भाताचा विषय महिनाभर काढू नका. आईलाही सांगा. एखाद्या निवांत संध्याकाळी एकच प्रश्न विचारा: “बाबा, या शुगरमध्ये तुम्हाला सगळ्यात जड काय जातं?” आणि उत्तर आलं की उपाय सुचवू नका. हे फार अवघड आहे, मला माहीत आहे. माझी जीभ अजून वळवळते. उत्तर अनपेक्षित असू शकतं. रात्री भूक लागून झोपमोड होत असेल. शुगर लो झाल्याचा एखादा प्रसंग त्यांनी तुम्हाला सांगितलाच नसेल. किंवा त्यांच्या वडिलांचं याच आजारात काही झालं असेल आणि आपलंही तेच होणार हे त्यांनी मनात धरून ठेवलेलं असेल.

मोजायची तयारी झाली तर रोज बोट टोचायला लावू नका. पोलोन्स्की यांच्याच गटाची २०११ ची एक चाचणी आहे, इन्सुलिन नसलेल्या ४८३ लोकांची. डॉक्टरांच्या भेटीआधी फक्त तीन दिवस, दिवसातून सात वेळा, असं ठरवून मोजायचं आणि तो आलेख रुग्ण व डॉक्टरांनी मिळून वाचायचा. वर्षभरात त्या गटाची एचबीएवनसी १.२ ने उतरली, दुसऱ्या गटाची ०.९ ने. मी त्याचं छोटं रूप वापरते. रात्रीच्या जेवणाआधी एकदा, पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. तीन दिवस नेहमीचा भात, काहीही न बदलता. मग तीन दिवस भात निम्मा आणि त्या जागी उसळ किंवा भाजी. बारा स्ट्रिपांत काम होतं. यात पास-नापास नाही, प्रयोग आहे, आणि मुख्याध्यापकांना प्रयोगवही कशी लिहायची ते माझ्यापेक्षा चांगलं येत असणार. भात सोडायचा, कमी करायचा की तसाच ठेवून जेवल्यावर वीस मिनिटं चालायचं, हे त्या बारा आकड्यांवरून ते स्वतः ठरवतील. ते ठरवतील ते टिकायची शक्यता जास्त.

एक सावधगिरी. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर भात निम्मा करण्याआधी डॉक्टरांना विचारा, नाहीतर शुगर लो होईल. ७० च्या खाली गेली, घाम आला, थरथर झाली, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून लगेच, पंधरा मिनिटांनी परत मोजायचं. आणि ६६ व्या वर्षी लक्ष्य किती ठेवायचं हेही डॉक्टरांना विचारा. प्रत्येकाला सातच्या खाली ओढायचं नसतं.

एज्युकेटर कसा निवडाल? पहिल्या भेटीत छापील डाएट चार्ट हातात देऊन वीस मिनिटं एकटाच बोलणारा असेल तर दुसरा बघा. सहा सेशननंतर काय, हे आधीच विचारा: महिन्याला फोन, दोन महिन्यांनी भेट, गटाची बैठक, काहीतरी हवं. नसेल तर त्याच पैशांत तीन सेशन आता आणि तीन पुढच्या वर्षभरात पसरून घेता येतील का ते बोलून बघा. मला ते जास्त पटतं.

पहिल्या सेशनला बाबांना ग्लुकोमीटर आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर न्यायला सांगा, मागचे अकरा वर्षांचे रिपोर्ट लागणार नाहीत. तुम्ही बाहेरच्या बाकावर थांबा. त्यांनी आत बोलावलं तर जा.